‘डार्कलँड्स’ : एक पुनर्विलोकन

कांहीं ग्रंथ पहिल्या वाचनांत मनाला भुरळ घालतात आणि दुसऱ्या वाचनांत त्याच मनाला कामाला लावतात. संगणकावरील खेळांच्या बाबतींत असा अनुभव क्वचितच येतो. कारण यंत्रें पालटलीं कीं खेळ जुने होतात, आणि जुना खेळ पुन्हां उघडण्याची तसदी सहसा कोणी घेत नाहीं. १९९२ सालीं निघालेला ‘डार्कलँड्स’ हा खेळ या नियमास अपवाद आहे. तो आम्हीं नुकताच पुन्हां आरंभापासून खेळून पाहिला. साहित्याला वाहिलेल्या मासिकांत खेळाचें परीक्षण कशाला, असें ज्यांच्या मनांत येईल त्यांस आमचें उत्तर एवढेंच कीं, या खेळाचा बराच मोठा भाग वाचावयाचा आहे. आणि त्यांतून उपस्थित होणारा प्रश्न ऐतिहासिक कादंबरी लिहूं पाहणाऱ्या प्रत्येकापुढें उभा असतो. गेलेल्या काळांतील माणसांच्या समजुती लेखकानें कितपत खऱ्या मानाव्या, हा तो प्रश्न होय.

अमेरिकेंतील मेरिलँड येथील मायक्रोप्रोझ या कंपनीनें हा खेळ काढला. १९८२ सालीं बिल स्टीली आणि सिड मायर यांनीं स्थापिलेली ही कंपनी लढाऊ विमानांच्या खेळांसाठीं प्रसिद्ध होती, आणि १९९१ सालीं तिनें काढलेला ‘सिव्हिलायझेशन’ हा खेळ जगभर गाजला. खेळणारानें स्वतः कथेंतील पात्र होऊन वागावें, या प्रकारांतला ‘डार्कलँड्स’ हा तिचा पहिला प्रयत्न. या प्रकारचे खेळ बहुधा कल्पित राज्यांत घडतात. तेथें लांब कानांचे वनवासी आणि मंत्र फेंकणारे जादूगार यांची रेलचेल असते. खेळाचे प्रमुख रचनाकार आर्नॉल्ड हेन्ड्रिक यांनीं ही मळलेली वाट सोडली आणि पंधराव्या शतकांतील पवित्र रोमन साम्राज्य, म्हणजे मुख्यतः जर्मन भाषेचा प्रदेश, हें आपलें क्षेत्र ठरविलें. कोलोन, ल्यूबेक, न्यूर्न्बर्ग, आउग्सबुर्ग हीं खरीं शहरें, त्यांना जोडणारे रस्ते, मधलीं अरण्यें व नद्या यांच्यामधून आपल्या चार माणसांनीं हिंडावयाचें.

हीं चार माणसें घडविण्याची रीतच मोठी मार्मिक आहे. प्रथम जन्म कोणत्या घरांत झाला तें ठरवावयाचें: सरदाराच्या, शहरांतील कारागिराच्या कीं खेड्यांतील कुळवाड्याच्या. मग पांच पांच वर्षांचा एकेक टप्पा घेऊन त्या माणसानें काय केलें हें सांगावयाचें. कोणी शिपाई होतो, कोणी विद्यार्थी, कोणी भिक्षु, कोणी फेरीवाला, कोणी चोर. प्रत्येक टप्प्यागणिक ज्ञान व कौशल्य वाढतें. परंतु वयहि वाढतें, आणि एका मर्यादेनंतर अंगांतील बळ व चपळाई ओसरूं लागते. पंचविशींतील तडफदार अडाणी बरा कीं पन्नाशींतील विद्वान म्हातारा बरा, याचा निर्णय खेळ सुरू होण्यापूर्वींच करावा लागतो. आयुष्यांत एक मिळवितांना दुसरें गमवावें लागतें, ही गोष्ट इतक्या साधेपणानें सांगणारी प्रस्तावना आम्हांस कादंबऱ्यांतूनहि फारशी आढळलेली नाहीं.

पुढील सर्व खेळ मोकळा आहे. अमुक ठिकाणीं जाच, अशी आज्ञा कोणी करीत नाहीं. आपण शहराच्या वेशीशीं येतों तेव्हां जलरंगांतील चित्रासारखा एक देखावा दिसतो, चार ओळींचें वर्णन येतें आणि त्याखालीं मार्ग मांडलेले असतात. कर भरून आंत जावें, पहारेकऱ्याची नजर चुकवावी, रात्रीं तट चढावा, एखादें रसायन वापरावें, अथवा एखाद्या संताचा धांवा करावा. आंत गेल्यावर बाजार, देवळें, व्यापाऱ्यांच्या पेढ्या आणि खानावळी असतात. एका शहरांत मिळविलेलें नांव दुसऱ्या शहरांत उपयोगी पडतेंच असें नाहीं. लोकांची स्मृति तटाबाहेर फारशी जात नाहीं. नाणींहि त्या काळचीं आहेत. बारा फेनिगांचा एक ग्रोशेन आणि वीस ग्रोशेनांचा एक फ्लोरिन. बारा पैंचा आणा मोजलेल्या पिढींतील कोणी घरांत असेल तर त्यास हा हिशेब परका वाटणार नाहीं. मुख्य कथासूत्र शेवटास नेलें तरी खेळ संपत नाहीं; रस्ते उघडेच राहतात.

परंतु खेळाचें खरें वैशिष्ट्य याहून खोल आहे. त्या काळचे लोक जग जसें आहे असें समजत होते, तसेंच तें खरोखर होतें असें धरून चालावयाचें, ही या खेळाची मूळ प्रतिज्ञा आहे. म्हणून येथें मंत्र नाहींत, प्रार्थना आहे. सेंट जॉर्ज, सेंट ख्रिस्तोफर यांच्यासारखे शंभराहून अधिक संत येथें आहेत, आणि प्रत्येकाचें साहाय्य निरनिराळ्या संकटीं उपयोगी पडतें. मात्र हें साहाय्य फुकट मिळत नाहीं. ज्याचें आचरण शुद्ध नाहीं त्याची हांक मोठ्या संतांपर्यंत पोंचत नाहीं. प्रत्येक प्रार्थनेंत दैवी कृपेचा सांठा खर्च होतो, आणि एवढें करूनहि प्रार्थना विफल होऊं शकते. संतांची माहिती मठांत जाऊन शिकावी लागते. रसायनविद्येचीहि तीच गोष्ट. कृति विकत घ्यावी, द्रव्यें जमवावीं, आणि हातून चूक झाली तर पात्र फुटून अंगावर यावें.

पहिल्या खेपेस आम्हीं हा सर्व भाग केवळ गमतीचा म्हणून पाहिला होता. या वेळीं त्याचें मोल ध्यानीं आलें. मध्ययुगांतील भाविक माणूस आम्हां आधुनिकांस बहुधा बाहेरून दिसतो. आम्ही त्याची कींव करतों किंवा त्यास हंसतों. येथें नदीला पूर आलेला आहे, पिशवींत पैसा नाहीं, पाठीवर जखमी सोबती आहे, आणि कोणत्या संताचें स्मरण करावें याचा विचार आपण अगदीं गंभीरपणें करीत आहों, असें क्षणभर वाटतें. त्या काळच्या मनाची अशी आंतून ओळख करून देणें हें इतिहासाच्या पुस्तकांनाहि नेहमीं साधत नाहीं.

खेळांत दोष आहेत, आणि ते झांकण्याचें कारण नाहीं. मूळ प्रत बाहेर पडली तेव्हां ती चुकांनीं इतकी भरलेली होती कीं, खेळ मध्येंच बंद पडे. कंपनीस मागाहून अनेक दुरुस्त्या काढाव्या लागल्या. शहरें पुष्कळ असलीं तरी त्यांचे अंतर्भाग एकाच सांच्यांतून काढल्यासारखे आहेत. ल्यूबेकच्या समुद्राचा वास कोलोनच्या नदीहून निराळा येत नाहीं. लढाया प्रथम रंगतात, कारण कोणतें शस्त्र कोणत्या चिलखतावर चालेल याचा बारकाईनें विचार केलेला आहे. पण पन्नासावी लढाई पहिलीसारखीच होते. हे दोष मात्र हाताचे आहेत. एक दोष बुद्धीचा आहे, आणि त्याविषयीं अधिक लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

खेळाच्या मुख्य कथासूत्रांत तीन पायऱ्या आहेत. पहिलीवर लुटारू सरदार, ज्यांना जर्मन भाषेंत राउबरिटर म्हणतात. दुसरीवर चेटकिणींचा मेळावा. तिसरीवर टेंपलर पंथाचा किल्ला आणि त्यांतील बॅफोमेट नांवाचा राक्षस. वाटेंत अशींहि खेडीं लागतात कीं, जेथील रहिवासी वरून साधे दिसले तरी गुप्तपणें सैतानाची पूजा करीत असतात. समजुती खऱ्या मानावयाच्या ही प्रतिज्ञा एकदां स्वीकारली म्हणजे हें सर्व ओघानेंच येतें. संत खरे, तर सैतानहि खरा. आणि सैतान खरा, तर त्याला भजणारी म्हातारीहि खरी.

येथेंच विचार करावयास हवा. टेंपलर पंथाच्या लोकांस फ्रान्सचा राजा चवथा फिलिप यानें १३०७ सालीं एकाएकीं पकडलें. तो त्यांचा ऋणको होता. मूर्तिपूजेच्या आरोपाचे कबुलीजबाब छळ करून काढण्यांत आले. १३१२ सालीं पोपनें पंथ मोडला, आणि दिलेला जबाब मागें घेणाऱ्या त्यांच्या प्रमुखास, जाक द मोले यास, १३१४ सालीं पॅरिस येथें जाळण्यांत आलें. चेटकाच्या आरोपाखालीं युरोपांत पुढें ज्यांना देहदंड झाला त्यांची संख्या इतिहासकार चाळीस ते साठ हजारांच्या घरांत धरतात. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, आणि खटल्यांचा सर्वांत मोठा भार जर्मन मुलखावरच पडला. ‘डार्कलँड्स’चें कथासूत्र या सर्व खटल्यांत फिर्यादीचा शब्द प्रमाण मानतें. आरोपीची बाजू तेथें ऐकूं येत नाहीं, कारण ज्या जगांत आरोप खराच आहे त्यांत आरोपीला बाजूच उरत नाहीं.

यावर खेळाच्या पुरस्कर्त्यांचें उत्तर असें येईल कीं, त्या काळीं सर्वांचाच तसा समज होता. परंतु सर्वांचा तसा समज नव्हता. १४८५ सालीं, म्हणजे खेळाच्याच शतकांत आणि त्याच साम्राज्यांत, इन्सब्रुक येथें हाइन्रिख क्रेमर या धर्मपरीक्षकानें कांहीं स्त्रियांवर चेटकाचा खटला भरला. तेथील बिशपच्या वतीनें हा खटला रद्द ठरविण्यांत आला, स्त्रियांना सोडण्यांत आलें, आणि क्रेमरनें निघून जावें असें बिशपनेंच त्यास कळविलें. क्रेमरनें पुढें आपलें म्हणणें ग्रंथरूपानें मांडलें, तें चेटकिणींच्या छळाचें कुप्रसिद्ध पाठ्यपुस्तक होऊन बसलें. तो ग्रंथ गाजला आणि बिशपची शंका विसरली गेली. पण शंका त्या काळींहि होती, हें खोटें ठरत नाहीं. एखाद्या युगाची श्रद्धा चित्रित करणाऱ्यानें त्या युगाचा संशयहि चित्रित केला पाहिजे. नाहीं तर तें युगाचें चित्र न होतां त्या युगांतील बलवानांच्या मताचें चित्र होतें.

हा दूरदेशींचा जुना विषय आहे असें समजून आमच्या वाचकांनीं स्वस्थ बसूं नये. चेटकीण ठरवून बायकांना छळण्याचे प्रकार आपल्याकडेहि घडत आलेले आहेत, आणि ते थांबविण्यासाठीं महाराष्ट्रास २०१३ सालीं स्वतंत्र कायदा करावा लागला. आरोप खरा मानून पुढें जाणें किती सोपें असतें, हें आपल्याला खेळांतून शिकण्याची गरज नाहीं.

याउलट लुटारू सरदारांचा भाग पाहावा. व्यापाऱ्यांचे तांडे लुटणारे, किल्ल्याच्या आश्रयानें भोंवतालचा मुलूख नाडणारे हे लोक इतिहासांत खरेच होऊन गेले. त्यांच्या दुष्टपणास राक्षसाची गरज पडत नाहीं. खेळाचा हाच भाग आम्हांस दुसऱ्या खेपेस सर्वांत सरस वाटला. पुढील दोन पायऱ्यांवर प्रसंग भव्य होत जातात, पण माणूस लहान होत जातो. निरपराध बाईवर आपण विश्वासानें तरवार उगारली आणि मागाहून चूक कळली, असा एक प्रसंग जरी कथासूत्राच्या मध्यावर असता, तरी या खेळाची योग्यता दुप्पट झाली असती. तसें करण्यास लागणारी सर्व सामग्री रचनाकारांच्या हातीं होती, म्हणूनच ही उणीव अधिक बोंचते.

तरीसुद्धां हा खेळ खेळावा असेंच आम्ही म्हणूं. आजच्या यंत्रांवर चालेल अशी त्याची प्रत विकत मिळते, आणि खेळण्यास लागणारा सावकाशपणा सुटींत कोणालाहि परवडण्यासारखा आहे. घरांतील मुलें तो खेळत असतील तर वडिलांनीं शेजारीं बसावें. संताचा धांवा कां करावासा वाटतो हें मुलांकडून समजून घ्यावें. आणि चेटकिणींच्या मेळाव्यावर चाल करण्याची वेळ येईल तेव्हां इन्सब्रुकच्या त्या बायकांची गोष्ट त्यांस सांगावी. खेळानें जें सांगितलें नाहीं तें सांगण्याचें काम मग घरांतील माणसांचें.