वर्णांचा हिशेब आणि ऐकणारा मेंदू

अमुक कवितेंत कोमल वर्ण इतके, कठोर इतके, म्हणून ती मधुर किंवा कर्णकटु, असा हिशेब मांडणारी टीका आमच्याकडे अजून लिहिली जाते. आणि बोलीभाषेंतील कवितेवर तिनें सहज अन्याय होतो. कान वर्णामागून वर्ण टिपून घेतो, ही तिची मूळ समजूतच आम्हांस मान्य नाहीं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वॉरेन यांनीं १९७० सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहावा. ध्वनिमुद्रित वाक्यांतील 'लेजिस्लेचर्स' या शब्दामधला 'स' समूळ काढून तेथें खोकल्याचा आवाज घातला. २० श्रोत्यांपैकीं १९ जणांना शब्द अखंड ऐकूं आला. खोकला नेमका कोठें आला, हें एकासही सांगतां आलें नाहीं. त्याच वर्षीं वॉरेन पतिपत्नींनीं वर्णिलेला प्रकार याहून मार्मिक आहे. '-ईल' एवढाच ध्वनि ठेवून आधींचा वर्ण खोकल्यानें झांकला. वाक्याच्या शेवटीं 'संत्रें' आलें कीं 'पील' म्हणजे साल, 'जोडा' आला कीं 'हील' म्हणजे टाच ऐकूं येई. मागून येणारा शब्द आधींच्या वर्णाला घडवितो!

वाक्य अखंड, वर्ण व पदें हीं मागाहून पृथक् केलेलीं, हें भर्तृहरीचें मत येथें आठवतें. (म्हणून त्यास प्रयोगशाळेचा आद्य आचार्य ठरविण्याची घाई नको; त्याचा मार्ग विचाराचा होता.) मम्मटानेंही माधुर्यादि गुण रसाचे धर्म मानले, वर्ण केवळ त्यांचे व्यंजक. आमच्या हिशेबी टीकाकारांनीं त्याची वर्णांची यादी तेवढी उचलली. माधुर्यास टवर्ग वर्ज्य, तर 'गोड' या शब्दांतील 'ड'चें त्यांनीं काय करावयाचें ठरविलें आहे?