नानाजींचा छापखाना आणि माझे कच्चे निरूपण



आपल्या जळगावातल्या नानाजींच्या छापखान्यावर बहिणाबाई चौधरींची एक कविता आहे. तिचा शेवट मी कीर्तनात किती वेळा वापरला याची मोजदाद नाही. छापल्याने कोऱ्या कागदालाही शहाणपण येते, माणूस मात्र होता तिथेच राहतो, असा त्याचा भाव. मी तो शिकल्यासवरलेल्यांवर फेकायचो. मंडपात हशा पिकायचा, बुवांना बरे वाटायचे.

आता घरी बसून कविता पहिल्यापासून वाचली आणि माझे निरूपण कच्चे निघाले. असोद्याच्या या लेकीला अक्षरओळख नव्हती. तरी यंत्राचा दणदणाट ती कौतुकानेच ऐकते. छापण्याला ती नावे ठेवीत नाही. टोला आहे तो माणसाला. अर्धे वाचून पुरते सांगणारा मीही त्यातच आलो की!

शिवाय तिच्या तोंडच्या ओव्या सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावाने टिपून ठेवल्या नसत्या तर? 1951 साली ती गेली. मग ते कागद आचार्य अत्र्यांनी पाहिले आणि 1952 साली 'बहिणाबाईंची गाणी' छापून निघाली. छापखान्याला हसायला मला दृष्टांत दिला तोही छापखान्यानेच.

तुकोबारायांच्या गाथेचेही तसेच. आधी सारी मदार पाठांतरावर आणि हातच्या वह्यांवर. 1869 आणि 1873 साली मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून गाथा दोन भागांत निघाली. सरकारने त्यासाठी 24,000 रुपये दिले होते. देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या वह्या ताडून ती सिद्ध झाली. वहीवाल्याच्या दारात बसण्याची गरज उरली नाही. हा उपकार लहान नव्हे.

पण एक सल आहे. माझ्या गुरुजींच्या वहीत काही चरण निराळे होते. छापील गाथा हाती आल्यावर आम्ही पोरांनी ते सरळ चूक ठरवले. छापलेय ना, मग तेच खरे! ज्या गाथेसाठी एवढ्या वह्या धुंडाळल्या, तिच्याच जोरावर आम्ही घरची वही मोडीत काढली. गुरुजी काही बोलले नाहीत. वही फडक्यात बांधून त्यांनी फडताळात ठेवली.

ती आता माझ्याकडे आहे. माउली, तुमच्या माळ्यावरही आजोबांची अशी एखादी वही असेल, तर गाथेशी जुळत नाही म्हणून तापीत सोडू नका. आधी एकदा वाचा.