काळी, पांढरी आणि शाळा : मातीच्या वास्तुकलेतील कृषिवारसा व लोकशिक्षण यांची चिकित्सा

प्रस्तावना

मराठी मुलखातील गावाची जुनी विभागणी ‘काळी’ आणि ‘पांढरी’ या दोन शब्दांत सामावलेली आहे. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. ही विभागणी केवळ महसुली स्वरूपाची नव्हती. काळीतून धान्याबरोबर कडबा, भुसा आणि गुरांचा चारा येई. पांढरीच्या मातीत भुसा कालवून भिंत उभी राही आणि गोठ्यातील शेणाने ती भिंत व जमीन वारंवार सारवली जाई. या अर्थाने खेड्यातील घर हे शेतीचेच एक उत्पादन होते आणि त्याची निगा हे कृषिवर्षातील एक नेमाचे काम होते.

गेल्या काही दशकांत ‘शाश्वत वास्तुकला’ या संज्ञेखाली माती, बांबू, पेंढा यांचा नव्याने गौरव होऊ लागला आहे. ग्रामीण भागातील मातीच्या शाळांना आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळत आहेत. मात्र या वास्तूंची समीक्षा बहुधा साहित्यापाशी थांबते. सिमेंट किती वाचले, खोली किती थंड राहिली, रूप किती देखणे आहे, एवढ्यावर निर्णय दिला जातो. मातीच्या वास्तूची शाश्वतता तिच्या डागडुजीवर अवलंबून असते, आणि डागडुजीसाठी लागणारे ज्ञान, हात व शेतीजन्य साहित्य जोवर गावात आहे तोवरच ती टिकते, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे. ती तपासण्यासाठी इजिप्तमधील नवे गुर्ना, बांगलादेशातील रुद्रपूर आणि विदर्भातील सेवाग्राम या तीन उदाहरणांचा विचार येथे केला आहे. पहिल्या ठिकाणी वास्तू लोकांसाठी बांधली गेली, दुसऱ्या ठिकाणी ती लोकांबरोबर बांधली गेली आणि तिसऱ्या ठिकाणी बांधणे व जगणे हाच शिक्षणाचा विषय मानला गेला. हा भेद चिकित्सेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

नवे गुर्ना : साहित्य योग्य, संबंध चुकीचा

लक्सर शहरासमोर, नाईल नदीच्या पश्चिम तीरावर प्राचीन थडग्यांच्या परिसरात गुर्ना हे गाव वसलेले होते. तेथील रहिवाशांना हलवून सखल भागात नवे गाव वसविण्याचे काम पुरातत्त्व विभागाने १९४५ मध्ये वास्तुकार हसन फतही यांच्याकडे सोपविले. फतही यांनी काँक्रीट नाकारले. न्यूबियातील गवंड्यांना बोलावून त्यांनी कच्च्या विटांच्या कमानी व घुमट उभारले. मशीद, बाजार, नाट्यगृह, कारागिरांसाठी जागा आणि मुलामुलींच्या शाळा यांची योजना केली. पुढे ‘आर्किटेक्चर फॉर द पुअर’ या नावाने १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथामुळे हा प्रयोग जगभर पोहोचला.

असे असूनही गाव पूर्णत्वास गेले नाही आणि बहुसंख्य गुर्नावासी तेथे राहावयास आले नाहीत. नव्या वस्तीत पाणी शिरावे म्हणून बांध फोडला गेल्याची हकिकत स्वतः फतही यांनीच नोंदविली आहे. या अपयशाचे कारण मातीत नव्हते. जुन्या गावातील अनेकांची उपजीविका उत्खननाची मजुरी, पर्यटक आणि प्राचीन वस्तूंचा व्यापार यांच्याशी जोडलेली होती. तिच्यापासून दूर जाण्याचा निर्णय त्यांचा नव्हता. घुमट हे रूप तेथील लोकांना थडग्याची आठवण करून देणारे होते, असेही टीकाकारांनी दाखविले आहे. तिमथी मिचेल यांनी ‘रूल ऑफ एक्सपर्ट्स’ (२००२) या ग्रंथात या प्रयोगामागील तज्ज्ञाची दृष्टीच तपासली आहे. शेतकऱ्याची परंपरा कोणती हे शेतकऱ्याऐवजी तज्ज्ञ ठरवू लागला की परंपरेचे रूपांतर नमुन्यात होते, असा बोध या चर्चेतून घेता येतो.

रुद्रपूर : म्हशींच्या खुरांखालील चिखल

दिनाजपूर जिल्ह्यातील रुद्रपूर येथील ‘मेटी’ शाळा या पार्श्वभूमीवर वेगळी ठरते. ॲना हेरिंगर या वास्तुकार होण्यापूर्वी १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘दीपशिखा’ या ग्रामविकास संस्थेत स्वयंसेविका म्हणून राहिल्या होत्या. २००४ मधील त्यांच्या पदवी प्रबंधातून शाळेची कल्पना पुढे आली आणि २००५ च्या अखेरीस आइके रॉसवाग यांच्या सहकार्याने इमारत उभी राहिली. २००७ मध्ये तिला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

या इमारतीचे मर्म तिच्या बांधणीच्या क्रमात आहे. माती व भाताचा पेंढा एकत्र करून तो चिखल गुरांकडून तुडवून घेण्यात आला. त्या चिखलाचे जाड थर एकावर एक रचून, वाळू देऊन, कडा फावड्याने तासून तळमजल्याच्या भिंती तयार झाल्या. वरचा मजला बांबूचा आहे. गाळवट सुपीक जमिनीच्या आणि दाट लोकवस्तीच्या या प्रदेशात दुमजली बांधणीने शेतजमीन वाचते, हा मुद्दाही कृषिवारशाच्या दृष्टीने मोलाचा आहे. पेंढा, जनावर आणि फावडे ही तिन्ही साधने शेतकऱ्याच्या दारात असलेली होती.

तथापि येथे परंपरा जशीच्या तशी उचललेली नाही. त्या भागातील मातीच्या घरांना पुरेसा पाया नसे आणि जमिनीतील ओल भिंतीत चढे. शाळेला पक्क्या विटांचा पाया दिला, ओल रोखण्यासाठी प्लॅस्टिकच्या कापडाचा थर घातला आणि छपरासाठी पन्हाळी पत्रा वापरला. वारसा जपणे म्हणजे त्यातील उणिवांसह तो गोठविणे नव्हे, हे या तीन बदलांतून दिसते. बांधकामात स्थानिक कारागीर तयार झाले आणि मुलांचेही हात लागले. इमारत उभी राहत असतानाच ती गावाची कार्यशाळा बनली, ही तिची खरी शैक्षणिक कामगिरी होय.

परंतु मर्यादाही नोंदविली पाहिजे. प्रारंभीची प्रेरणा, आराखडा आणि निधी यांचा मोठा भाग बाहेरून आला. पुरस्कारप्राप्त वास्तूचे छायाचित्र जगभर जाते. त्या गावातील शेतकरी स्वतःचे पुढचे घर मातीचे बांधतो की विटांचे, यावर मात्र क्वचितच चर्चा होते. या प्रश्नाचे उत्तर शाळेच्या सौंदर्यात मिळणार नाही. ते भाताच्या पेंढ्याची, गुरांची आणि कारागिराच्या मजुरीची गावातील स्थिती काय आहे यावर ठरेल.

सेवाग्राम : झोपडी आणि मूलोद्योग

मराठी वाचकाला हा प्रश्न परका नाही. गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्यानजीकच्या सेगाव या खेड्यात राहावयास आले. याच खेड्याचे नाव १९४० मध्ये सेवाग्राम झाले. आदि निवास आणि मूळची मीराबेन यांची असलेली बापू कुटी या वास्तू माती, लाकूड, बांबू आणि कवेलू यांच्या आहेत. बापू कुटीच्या भिंतीवर मीराबेन यांनी मातीतच उठावाची चित्रे काढली. स्थानिक साहित्य आणि स्थानिक हात हा या बांधणीचा नियम होता. इव्हान इलिच यांनी १९७८ मध्ये येथे केलेल्या भाषणात या झोपडीचा अर्थ उलगडताना ‘घर’ आणि सामान साठविण्याची जागा यांतील अंतर अधोरेखित केले होते.

या वास्तूंच्या शेजारीच शिक्षणाचा एक मोठा प्रयोग आकाराला आला. वर्धा येथे ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेतून नयी तालीमची संकल्पना पुढे आली. डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिचा अभ्यासक्रम सिद्ध केला आणि आर्यनायकम् दांपत्याने सेवाग्राम येथे ती राबविली. सूतकताई, शेती, सफाई, स्वयंपाक ही कामे येथे शिक्षणाचे माध्यम होती. महाराष्ट्रात ‘मूलोद्योग’ आणि ‘जीवन शिक्षण’ हे शब्द याच काळाची देणगी आहेत. अनेक जिल्हा परिषद शाळांच्या फलकांवर ‘जीवन शिक्षण विद्यामंदिर’ ही अक्षरे आहेत, परंतु त्यामागची शेती व उद्योग यांची जोड बहुतेक ठिकाणी सुटली आहे. सेवाग्राममध्ये २००५ पासून ‘आनंद निकेतन’ ही शाळा हा धागा पुन्हा हाती घेऊन चालू आहे.

सेवाग्रामची चिकित्सा करताना एक विसंगती लक्षात येते. कुट्यांची निगा आज स्मारक म्हणून होते. त्या टिकल्या आहेत ही समाधानाची गोष्ट आहे, परंतु स्मारकाची डागडुजी आणि गावाने आपल्या वास्तूची केलेली डागडुजी यांत फरक आहे. पहिलीत वस्तू टिकते, दुसरीत विद्या टिकते. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे देवेंद्रकुमार यांनी १९७६ मध्ये स्थापन केलेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राचे कार्य या संदर्भात अधिक बोलके आहे. कुंभाराच्या चाकावर घडविलेले शंकूच्या आकाराचे नळे एकमेकांत गुंफून कमानी छप्पर उभारण्याची पद्धत या केंद्राने विकसित केली. लाकूड दुर्मिळ झालेले असताना छप्पर कसे घालावे, या प्रश्नाचे उत्तर गावातील कुंभाराच्या हाती देणारी ही पद्धत आहे.

आक्षेपांचा विचार

मातीच्या वास्तुकलेचा पुरस्कार करताना तीन आक्षेपांना सामोरे जावे लागते. पहिला आक्षेप सुरक्षिततेचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील माळवदाचा भार हे या हानीचे मोठे कारण होते. ज्या प्रदेशाने हे भोगले तेथे मातीच्या घराची भीती अज्ञानातून आलेली नाही. म्हणून मातीच्या बांधणीत आडवे बंध, हलके छप्पर आणि प्रशिक्षित गवंडी यांचा आग्रह अनिवार्य ठरतो. त्याचबरोबर भूकंपानंतर वसविलेल्या गावांचे चौकोनी, शहरी वळणाचे आराखडे शेतकरी कुटुंबाच्या गुरेढोरे व कडब्याच्या गरजेशी जुळत नाहीत, अशी टीकाही अभ्यासकांनी केली आहे. पक्के साहित्य वापरूनही वास्तू शेतकऱ्याला परकी होऊ शकते, हे येथे ध्यानात येते.

दुसरा आक्षेप श्रमाचा आहे. सारवणे आणि पोतेरे घालणे ही कामे परंपरेने स्त्रियांच्या वाट्याला आली. मातीच्या घराचे गुणगान करताना या बिनमोल श्रमाचा उल्लेख टाळणे हा समीक्षेतील दोष आहे. ज्या स्त्रीने फरशी मागितली तिने वारसा नाकारला असे म्हणता येणार नाही. कमी वेळा सारवावे लागेल असा गिलावा, पावसापासून भिंत वाचविणारी लांब वळचण आणि पुरुषांसह सर्वांनी वाटून घेतलेले काम, यांवाचून वारशाची भाषा अन्यायाची ठरते.

तिसरा आक्षेप प्रतिष्ठेचा आहे. जनगणनेच्या वर्गवारीत मातीची भिंत कच्च्या साहित्यात मोडते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या (ग्रामीण) उद्दिष्टात ‘पक्के घर’ हाच शब्द आहे. किमान २५ चौरस मीटरच्या घरामुळे गरीब कुटुंबाला निवारा मिळतो, याचे मोल कमी लेखता येत नाही. मात्र ‘कच्चे’ हा शब्द साहित्याबरोबर ते वापरणाऱ्याच्या ज्ञानालाही चिकटतो. शाळेची इमारत सिमेंटची आणि घर मातीचे असेल, तर मुलाला न शिकविताही एक धडा मिळतो : शिक्षण म्हणजे आपल्या घरापासून दूर जाणे.

या आक्षेपांच्या मुळाशी शेतीतील बदल आहेत. यंत्राने मळणी झाल्यावर कडबा व भुसा यांचे स्वरूप पालटते. बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला की शेण घटते. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशी गोवंशाची संख्या आधीच्या गणनेपेक्षा सुमारे ६ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसून आले. गोठा रिकामा झालेल्या गावात मातीची भिंत टिकविण्याचा उपदेश करणे व्यर्थ आहे. वास्तूचा प्रश्न अशा प्रकारे पीकपद्धती आणि पशुपालन यांच्यापर्यंत येऊन पोहोचतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. ग्रामीण मातीच्या वास्तूचे मूल्यमापन उद्घाटनाच्या दिवशी करू नये. काही पावसाळ्यांनंतर तिची डागडुजी कोण, कशाने आणि कोणाच्या सांगण्यावरून करतो हा निकष अधिक विश्वसनीय आहे.

२. नवे गुर्नाचा अनुभव असे दाखवितो की लोकांच्या उपजीविकेला व संमतीला डावलून केलेली परंपरेची मांडणी टिकत नाही. रुद्रपूरचा अनुभव असे दाखवितो की परंपरेतील उणिवा दूर केल्यास आणि बांधणी हीच शिकवणी बनविल्यास तिला नवे बळ मिळते.

३. सेवाग्रामने वास्तू, शेती आणि शिक्षण यांचा मेळ घालण्याचा विचार दिला. तो स्मारकापुरता न राहता शाळांपर्यंत पोहोचावयाचा असेल तर शाळेच्या आवारातील एखादी भिंत, ओटा किंवा परसबागेची झोपडी विद्यार्थी, पालक आणि स्थानिक कारागीर यांनी मिळून बांधावी व दरवर्षी पावसाळ्यापूर्वी तिची डागडुजी करावी. शाकारणीच्या दिवसांत गावातील जाणता कारागीर हाच त्या वर्गाचा शिक्षक असावा.

४. सुरक्षितता, स्त्रियांचे श्रम आणि प्रतिष्ठा यांचा विचार न करणारी शाश्वततेची चर्चा अपुरी आहे.

काळी आणि पांढरी यांचा संबंध तुटल्यावर केवळ पांढरीच्या मातीने भिंत उभी केली, तर ती वारशाची प्रतिकृती ठरेल. तो संबंध शेतीत व शाळेत पुन्हा जुळला, तर भिंतीला पक्की वीट लागली की कच्ची, हा प्रश्न दुय्यम राहील. खेड्यातील मूल आपल्या हाताने बांधावयास, दुरुस्त करावयास आणि त्यामागील कारण सांगावयास शिकले, यातच अशा वास्तूचे साफल्य मानावे लागेल.