संशोधन, समाजमाध्यमे आणि सेतुमाधवराव
संशोधन समाजमाध्यमांवर आणावे की नाही, हा वाद आम्हांस गौण वाटतो. ते कसे आणावे, हा खरा प्रश्न आहे. हैदराबाद संस्थानच्या मुलकी सेवेत असलेल्या सेतुमाधवराव पगडींनी (१९१०–१९९४) फार्सी वार्तापत्रे ‘मोगल दरबारची बातमीपत्रे’ या नावाने मराठीत आणली. फार्सी न जाणणाऱ्या वाचकासही त्यामुळे मूळ साधनापर्यंत पोहोचता आले. आज व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या इतिहासात बहुधा निष्कर्ष ठळक असतो, साधनाचा मात्र पत्ता नसतो. मजकूर चार ओळींचा असण्यास आमची हरकत नाही. पण पाचवी ओळ आधाराची हवी. दक्षिणेत स्थिरावलेल्या पूर्वजांचा इतिहास आपली नातवंडे मोबाइलवरच वाचणार असतील, तर खरेखोटे पारखण्याची कसोटी त्यांच्या हाती देणे, हे संशोधकांचे कर्तव्यच ठरते.