जॉर्ज विटेट यांची वास्तुदृष्टी : एक पुनर्विचार

जॉर्ज विटेट (१८७८–१९२६) यांचे नाव निघाले की इंडो-सारासेनिक शैलीचा उल्लेख होतो आणि परक्या सत्तेने एतद्देशीय अलंकारांचा चढविलेला साज, असा निर्णय त्याच दमात दिला जातो. हा निर्णय त्यांच्या सर्व कृतींना सारखाच लागू पडतो काय, हे तपासणे अगत्याचे आहे.

मूळचे स्कॉटलंडचे विटेट १९०४ मध्ये मुंबईस आले व तेथेच निवर्तले. त्यांचे गेटवे ऑफ इंडिया (१९२४) पाहता उपरोक्त आक्षेप बव्हंशी मान्य करावा लागतो. सोळाव्या शतकातील गुजराती वास्तुरूपे तेथे आहेत. परंतु मूळ प्रयोजनापासून तुटून ती राजाच्या आगमनाच्या स्मारकापुरती उरली आहेत.

तत्कालीन प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजेच आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची गोष्ट निराळी. विजापूरच्या गोल घुमटाचे तेथील स्मरण केवळ बाह्यरेषेत नाही. घुमटाखालील मध्यवर्ती दालन सबंध वास्तूस केंद्र मिळवून देते. शिवाय नाशिकच्या एका वाड्यातील लाकडी कमानी विकत घेऊन विटेट यांनी त्या आत बसविल्या. येथे अनुकरण नाही, मूळ वस्तूच आहे. तथापि वाड्यातील कमानीस अर्थ येतो तो माणसांच्या नित्य वावराने. येथे ती स्वतःच प्रदर्शनीय वस्तू झाली.

विटेट यांचे श्रेय आणि त्यांची मर्यादा, दोन्ही या कमानींत एकवटली आहेत. आपल्या परंपरेचे मोल त्यांनी जाणले. तिचे जिणे मात्र त्यांना सोबत आणता आले नाही. जुने वाडे पाडून त्यांचे खांब दिवाणखान्यात मांडणाऱ्या आपल्या पिढीने त्यांना दोष देताना थोडे थांबावे, हे उचित.