वस्तऱ्याचा पट्टा आणि आपली समीक्षा

दलित साहित्यावरील आपली समीक्षा वेदना, विद्रोह आणि नकार या शब्दांपाशी फार लवकर पोहोचते आणि तेथेच थांबते. श्रम करणाऱ्या हातातील ज्ञानाकडे ती क्वचितच वळते. हा आक्षेप मी न्हाव्याच्या धोकटीतील एका साध्या वस्तूवरून मांडतो. ती वस्तू म्हणजे वस्तरा परजण्याचा चामड्याचा पट्टा.

वस्तरा आधी दगडावर लावतात. दगडाने धार निघते, पण ती खरखरीत असते. पट्टा तिला गुळगुळीत करतो. पट्टा ताणून धरायचा, वस्तरा पाठीच्या दिशेने ओढायचा आणि टोकाशी पाठीवरच उलटायचा. धार पुढे करून लोटली तर चामडे कापले जाते. बोळिंजच्या एका सलूनमध्ये असा एक जुना पट्टा खिळ्याला टांगलेला आहे. आता दर गिऱ्हाइकाला नवे पाते लागते, त्यामुळे तो सुकला होता, मधोमध चिरला होता. विरारच्या एका चर्मकाराने तो माझ्यासमोर दुरुस्त केला. ओल्या फडक्याने पुसला, चीर घासून सपाट केली, कडी नव्याने शिवली आणि तेलाचे चारच थेंब तळहाताने जिरवले. "तेल जास्त झालं तर पट्टा मऊ पडतो सर, मग धार गोल होते," तो म्हणाला. हे ज्ञान कोणत्या पाठ्यपुस्तकात आहे?

आता याच पट्ट्याला समाजव्यवस्थेचा प्रश्न विचारू. गावगाड्यात मेलेले जनावर महाराने ओढायचे, कातडे ढोराने बाभळीच्या सालीत नि हिरड्यात कमवायचे, चांभाराने ते शिवायचे. त्या चामड्यावर परजलेला वस्तरा सवर्णाच्या गालावरून फिरे. पण तोच वस्तरा महाराच्या गालाला लागत नसे. याचा अर्थ स्पष्ट आहे. विटाळ चामड्याला नव्हता, माणसाला होता.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत बाबासाहेबांनी साताऱ्याचे बालपण सांगितले आहे. गावात न्हावी होते, पैसे देण्याची ऐपतही होती. पण अस्पृश्याची हजामत करायला कोणी तयार नव्हते. म्हणून थोरली बहीणच भावांचे केस कापी आणि त्यात ती तरबेज झाली होती. आपण या मजकुरात अपमान वाचतो. तो वाचलाच पाहिजे. पण 'तरबेज' या साक्षीवरून आपण पुढे सरकतो. व्यवस्थेने नाकारलेले कौशल्य एका मुलीने घरात उभे केले, हाही त्या मजकुराचा अर्थ आहे.

मात्र कौशल्याचा गौरव म्हणजे जातीच्या धंद्याचा गौरव नव्हे. जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच बजावले. ढोराचे आणि न्हाव्याचे काम एका पट्ट्यावर एकत्र आले. ती माणसे एका पंगतीत कधी बसली नाहीत. तरीही वस्तरा धरणारा हात नकार देऊ शकतो. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांच्या केशवपनाविरुद्ध उभे राहून तेच दाखवले. 'नकार' हा शब्द आपल्या समीक्षेला इतका प्रिय आहे. पण हत्यार खाली ठेवण्याचा हा नकार तिने किती वेळा वाचला?

आत्मकथने शिकवताना विद्यार्थ्यांना तीन प्रश्न जरूर विचारावेत: हातात कोणते हत्यार आहे, ते कोणी घडवले, आणि ते कोणाला नाकारले गेले?