चौदा खंडांचा फेरा

मंडळाच्या गेल्या दिवाळीच्या पॉटलकला एका मित्राने मला चारचौघांत विचारले, "अरे, साठी उलटली, तरी तुझी ती जादूटोण्याची पुस्तकं सुटली नाहीत?" मी हसून श्रीखंडाकडे वळलो. उत्तर होते, पण ते पुरीच्या रांगेत उभे राहून देण्यासारखे नव्हते.

ही पुस्तके म्हणजे रॉबर्ट जॉर्डन यांची 'द व्हील ऑफ टाइम' ही मालिका. सरळ मराठीत सांगायचे तर कालचक्र! पहिला खंड १९९० सालचा, चौदावा २०१३ चा. मी न्यू जर्सीत आलो १९९१ मध्ये. पहिल्याच हिवाळ्यात वाचनालयातून पहिला खंड घरी आणला. पुढे ग्रीन कार्ड, घराचे हप्ते, मुलांच्या शाळा असे सारे चालू असताना एकेक खंड येत गेला.

आधी दोष सांगतो. मालिका अघळपघळ आहे. नवव्या खंडाच्या शेवटी एक प्रचंड घटना घडते आणि २००३ साली आलेल्या दहाव्याचा बराचसा भाग, त्या वेळी इतर मंडळी काय करत होती हे सांगण्यात खर्ची पडतो. पोशाखांची वर्णने संपता संपत नाहीत. नायनीव्ह रागावली की वेणी ओढते. किती वेळा, ते मोजणे मी केव्हाच सोडून दिले.

मग मी का वाचत राहिलो? कारण या कथेतले चक्र मला ओळखीचे वाटले आणि तरीही त्याने मला चकवले. आपली युगे चार, जॉर्डन यांची सात. माणसे पुन्हा पुन्हा जन्म घेतात. आपल्याकडे चौऱ्यांशीचा फेरा चुकावा म्हणून सारी धडपड. इथे मात्र चक्रातून कायमचे सुटायचे आहे ते इशामाएल या खलपुरुषाला! चक्र अनंत काळ फिरणार असेल, तर कधी ना कधी अंधाराचाच जय होणार, मग सगळे संपलेलेच बरे, असा त्याचा तर्क आहे. तर्क बिनतोड वाटतो, आणि म्हणूनच त्याची भीती वाटते.

त्याला उत्तर मिळते ते बाराव्या खंडात. नायक रँड हा खेड्यातला मेंढपाळाचा पोर. जगाचा भार वाहता वाहता तो दगड झालेला असतो. ज्याने त्याला लहानाचा मोठा केला तो बाप, टॅम, समजूत घालायला येतो. त्याला दुसऱ्या कोणी पाठवले आहे असे कळताच रँड बापाच्याच जिवावर उठतो. मग स्वतःच्याच भीतीने पळत सुटतो आणि एका पर्वतशिखरावर सारे जग संपवायला सिद्ध होतो. तिथे त्याला कळते, की पुन्हा जन्म मिळतो तो पुन्हा प्रेम करायची संधी मिळावी म्हणून. मला आपले तुकोबा आठवले. संतसंग मिळणार असेल, तर मुक्तीऐवजी गर्भवास पत्करायला तेही तयार होते.

हा खंड मी २००९ च्या हिवाळ्यात वाचला. त्याच्या थोडेच आधी, "इकडे राहायला या" म्हणून मी सांगलीला वडिलांवर फोनवर आवाज चढवला होता. "माझी गच्ची तिथं आहे का?" एवढेच ते म्हणाले होते. ते पान वाचून झाल्यावर मी तिकीट काढले. सांगलीत महिनाभर रोज संध्याकाळी त्यांच्याबरोबर गच्चीत बसलो. अमेरिकेचा विषय काढला नाही.

जॉर्डन २००७ साली वारले. त्यांच्या पत्नी आणि संपादक हॅरिएट मॅकडूगल यांनी तरुण लेखक ब्रँडन सँडरसन यांची निवड केली आणि सँडरसन यांनी टिपणांवरून शेवटचे तीन खंड पुरे केले. त्यांच्या वाक्यांना जॉर्डन यांचा संथ डौल नाही, हे मान्य. पण अखेरचा प्रसंग जॉर्डन यांनी आधीच लिहून ठेवला होता. तो वाचताना गेलेला माणूस पुन्हा बोलू लागल्यासारखे वाटते.

तेव्हा मित्रा, पुस्तके सुटली नाहीत हे खरे. सध्या तिसरा फेरा चालू आहे आणि दहावा खंड आता मला पूर्वीइतका लांब वाटत नाही. वडील गेल्यापासून, काहीच न घडणाऱ्या संध्याकाळींची किंमत मला कळू लागली आहे.